पाच गोळ्यांची बढाई

आधी एक खुलासा. खाली 'दारू' हा शब्द बऱ्याच वेळा येणार आहे आणि दरवेळी तो बंदुकीच्या दारूबद्दलच आहे. वीकांताला लिहितोय म्हणून भलती आशा लावून बसू नका.

तर मंडळी, टेक्ससमध्ये राहायला आलो तरी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी शस्त्र या विषयापासून चार हात लांबच होतो. नंतर हापिसातल्या एकाने रेंजवर नेलं आणि बिघडलो. .४४ मॅग्नमचं एक रिव्हॉल्व्हर घेतलं. पहिल्या महिन्यातच लक्षात आलं की बंदूक परवडते, काडतुसं परवडत नाहीत. मग गॅरेजमध्ये प्रेस बसवला. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करायच्या, जळका प्रायमर काढून नवा बसवायचा, दारू मोजून ओतायची, वर गोळी दाबायची आणि पुंगळीची कड आत वळवून ती घट्ट करायची. या शेवटच्या प्रकाराला क्रिम्प म्हणतात. (पुण्यातल्या मित्रांनो, हे घरी करून बघू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे.)

या छंदातल्या लोकांना एक आकडा मिरवायची फार हौस. क्रोनोग्राफ नावाचं यंत्र प्रत्येक गोळीचा वेग सेकंदाला इतके फूट असा मोजतं. त्या वेगांचं प्रमाण विचलन म्हणजे एसडी. एसडी जितका कमी तितका तुम्ही मोठा कारागीर. "माझ्या लोडचा एसडी सात आहे", हे वाक्य इथे आपल्याकडच्या "मुलाला नव्व्याण्णव टक्के पडले" च्या सुरात म्हटलं जातं.

मीही म्हटलं होतं. तोच आकडा, सात. शेजारच्या बाकावर एक सत्तरीचे गृहस्थ होते, त्यांना अगदी सहज सांगतोय असं दाखवून सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती गोळ्या?" म्हटलं, पाच. ते हसले वगैरे नाहीत. म्हणाले, "डबा भरलेला दिसतोय. उरलेल्याही झाड की."

झाडल्या. एकूण तीस गोळ्या, एकाच बैठकीत भरलेल्या. एसडी चौदा.

च्यायला! मी दिवसभर विदा चिवडून पोट भरणारा माणूस. पाच विनंत्यांवरून सर्व्हर वेगवान आहे असं कुणी मला सांगितलं असतं तर मीटिंगमध्येच सोलून काढला असता. आणि इथे गॅरेजमध्ये शिरताना अक्कल बुटांबरोबर बाहेर काढून ठेवली होती.

हिशोब अवघड नाही. पाच गोळ्यांवरून एसडी १० आला, तर ९५ टक्के खात्रीने तुम्ही एवढंच म्हणू शकता की खरा एसडी ६ ते २९ च्या मध्ये कुठेतरी आहे. सहा म्हणजे मिरवण्यासारखा, एकोणतीस म्हणजे लाज वाटण्यासारखा. तुमचा आकडा दोन्हींत बसतो! तीस गोळ्या झाडल्या तर हीच फट ८ ते साधारण साडेतेरा इतकी आवळते. ज्यांना 'सर्वांत वेगवान वजा सर्वांत हळू' हा फरक सांगायला आवडतो त्यांचं तर आणखी अवघड. खरा एसडी १० असेल तर हा फरक पाच गोळ्यांत सरासरी २३ फूट येतो, दहांत ३१ आणि वीसांत ३७. काडतुसं तीच, हात तोच. कमी झाडा, तुम्ही आपोआप हुशार.

यात नवीन काहीच नाही. थोड्या नमुन्यांवरून किती बोलावं हा प्रश्न डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये सोडवून ठेवला, 'स्टुडंट' या टोपणनावाने. बिअरवाल्याला जे समजलं ते दारूवाल्यांना शंभर वर्षांनंतरही समजत नाही. (बघा, आलाच तो विनोद. असो.)

आता माझा मुख्य राग. हा आकडा कमी करायला लोक काय करतात? महागडा तराजू घेतात. दारूचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. हे लोक त्याच्या दहाव्या हिश्शासाठी पैसे मोजतात. समजा वीसेक ग्रेनच्या भरण्यात दशांश ग्रेन इकडचा तिकडे झाला. म्हणजे अर्धा टक्का. बाराशे फुटांच्या वेगात त्याने पाच-सहा फुटांचा फरक पडेल. त्यातून येणारं विचलन धरा तीन. विचलनं वर्गाने मिळतात, त्यामुळे माझ्या चौदातून हे तीन पूर्ण काढून टाकले, प्रत्यक्ष देवाने येऊन दारूचा दाणा न् दाणा सारखा केला, तरी उरतात १३.७. तराजूवाल्याचं भलं झालं, एवढंच.

प्रोग्रॅम हळू चालत असेल तर आपण आधी प्रोफायलर लावतो ना? की दिसेल ते फंक्शन सुधारत बसतो?

मग मी एक बावळट वाटेल अशी गोष्ट केली. मार्करने सिलिंडरच्या सहा चेंबरना एक ते सहा आकडे घातले आणि प्रत्येक गोळीचा वेग कोणत्या चेंबरमधून आला ते लिहीत गेलो. लोक विसरतात की रिव्हॉल्व्हर ही एक बंदूक नसून सहा बंदुकांनी वाटून घेतलेली एक नळी आहे. प्रत्येक चेंबरचं तोंड किंचित वेगळं कापलेलं असतं, प्रत्येक चेंबर नळीसमोर किंचित वेगळं येऊन थांबतं. शिवाय सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये इंचाच्या काही हजारांश एवढी फट असते, तिच्यातून वायू निसटतो तो वेगळाच. माझं चौथं चेंबर बाकीच्या पाचांपेक्षा सरासरी पंचवीस फूट हळू निघालं. ते वगळून बाकीच्यांचा एसडी काढला तर चौदाचा दहा. दारूला हातही न लावता! सहा सर्व्हरांपैकी एक आजारी होता आणि मी सहांची सरासरी घेऊन कोडला शिव्या घालत होतो.

उरलेल्या दहातलं बरंचसं क्रिम्पमध्ये असतं. कड वळवण्याचं यंत्र एका ठरावीक उंचीवर लावलेलं, पण पुंगळ्या लांबीला एकसारख्या नसतील तर लांब पुंगळीला जास्त मुरड पडते, आखूडला नावापुरती. माझ्या पुंगळ्या तीन वेगवेगळ्या डब्यांतून आलेल्या, कधीच एका मापाला न कापलेल्या. पितळ पुन्हा पुन्हा वापरून कडक झालं की गोळीला धरतही नाही नीट. मंद जळणाऱ्या दारूला सुरुवातीला दाब चढेपर्यंत गोळी जागची हलता कामा नये. ती पकड दरवेळी वेगळी, तर वेगही वेगळा. बरं, हे नुसतं आकड्यापुरतं नाही. मोठ्या काडतुसाचा धक्का बंदुकीला मागे ढकलतो, पण बाकीच्या चेंबरांतल्या गोळ्या जडत्वाने जागीच राहू पाहतात आणि पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरच्या तोंडातून बाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचा बंद. अस्वलाच्या मुलखात संरक्षणासाठी हे रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्याला त्या क्षणी एसडी विचारून बघा.

.४५ कोल्टवाल्यांची रड वेगळी. ते काडतूस १८७३ चं, काळ्या दारूने गच्च भरायचं म्हणून पुंगळी प्रशस्त. आजची धूरविरहित दारू तिच्यात तळाशी थोडीशी पडते, मोठ्या पातेल्यातल्या वाटीभर भातासारखी. ती प्रायमरजवळ आहे की गोळीजवळ सरकली आहे यावर वेग सहज पन्नास फुटांनी बदलतो, कधी बराच जास्त. इथे तराजू काय करणार? जास्त जागा व्यापणारी दारू निवडणं हाच उपाय. तिचा दुसरा फायदा असा की चुकून दोनदा ओतली तर पुंगळी उतू जाते आणि चूक डोळ्यांना दिसते. थोड्याशा दारूचा दुप्पट डोस त्या पुंगळीत गुपचूप मावतो.

आता हे सगळं रागाने का लिहितोय ते सांगतो. गेल्या महिन्यात रेंजवर एक तरुण, आपल्यासारखाच संगणकवाला, सिलिंडर उघडून रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलत होता आणि त्या येत नव्हत्या. रॉडवर लाकडाचा तुकडा ठेवून ठोकत होता. पुंगळ्या चिकटणं ही दाब फार चढल्याची खूण, छंदातल्या पहिल्या धड्यात शिकवतात. मी म्हटलं, "थांब, पुढची झाडू नकोस." त्याने मला फोनचा पडदा दाखवला. "पण एसडी चार आहे!"

झालं होतं असं की दारू वाढवत गेलं की ती जास्त एकसारखी जळते आणि एसडी बऱ्याचदा खरंच उतरतो. त्याला आकडा बक्षीस देत गेला आणि तो पायऱ्या चढत गेला, पुस्तकातली कमाल मर्यादा ओलांडून. प्रत्येक पायरीवर पाच गोळ्या. म्हणजे त्यातला निम्मा 'उतार' नुसता योगायोग असू शकतो, आणि त्या योगायोगासाठी हाताची बोटं पणाला. क्रोनोग्राफ दाब दाखवत नाही. .४५ कोल्टची मान्य मर्यादा चौरस इंचाला १४,००० पौंड आहे, त्याच पुंगळीचा लांब केलेला भाऊ .४५४ कॅसल ६५,००० सोसतो. गोळीचा व्यास तोच, जाते तीही तशाच गोल भोकातून. आकड्यांच्या पडद्यावर हा फरक कुठेच लिहिलेला नसतो. एल्मर कीथसारख्या या पंथाच्या आद्य पुरुषानेही १९२० च्या दशकात .४५ ची रिव्हॉल्व्हरं फोडली, आणि मग जास्त जाड भिंतीच्या .४४ कडे वळला. त्याच्याच आग्रहातून पुढे १९५५-५६ मध्ये .४४ मॅग्नम आलं. (उलट बाजूही आहे. एच-११० सारखी दारू पुस्तकापेक्षा कमी भरू नका, असं ती विकणारेच बजावतात. कमी भरली तर गोळी नळीत अडकू शकते. म्हणजे आकड्यासाठी खालीही उतरायचं नाही.)

आणि एवढं कशासाठी? पंचवीस यार्डांवर बाराशे आणि साडेबाराशे फुटांच्या गोळ्यांच्या पडण्यात फरक किती, तर दीड मिलिमीटर. धक्क्याने नळी वर उचलली जाते त्याचा थोडा परिणाम वेगळा धरा. शंभर यार्डांवर साधारण इंचभर. दोनशे मीटरवरचे पोलादी मेंढे पाडणारे सिल्हूट नेमबाज असाल तर तुमचा एसडी मला जरूर सांगा, मी ऐकेन. पण पंचवीस यार्डांवर कागदाला ताटाएवढी भोकं पाडणाऱ्या आम्हां लोकांचा प्रश्न वेग नाही, चाप ओढताना मिटणारे डोळे आहेत.

त्या पोराने उरलेली काडतुसं मोडायचं कबूल केलं. खरंच मोडली का, माहीत नाही. मी पिन गेज आणून चौथ्या चेंबरचं तोंड मोजलं, ते बाकीच्यांपेक्षा किंचित मोठं आहे. पुंगळ्या सगळ्या एका मापाला कापून ठेवल्यात, दोन संध्याकाळी गेल्या. पुढच्या शनिवारी साठ काडतुसं नेणार, प्रत्येक चेंबरला दहा. वही तयार आहे, सहा रकान्यांची.