दाबा, लिहा, थांबा

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीचा परीक्षेचा अर्ज ऐन शेवटच्या रात्री अडला. सारे रकाने भरले. पण ‘सादर करा’ हे बटण काही केल्या दबेना! दंड भरावा लागला तो वेगळाच.

माझी पुतणी अशीच पाने तपासण्याच्या नोकरीत आहे. तिला मी रागानेच विचारले, ‘काय गं, हे आधी कुणी पाहत नाही?’

‘काका, तेच तेच पाहून माणूस कंटाळतो. म्हणून आम्ही ते यंत्राला सांगतो.’

तिने ‘सेलेनियम’ नावाचे साधन दाखवले. २००४ साली शिकागोत जेसन हगिन्स यांनी ते रचायला घेतले. ब्राउझर आपोआप उघडला, अदृश्य हाताने नाव लिहिले, विषय निवडला, बटण दाबले. पोच आली की नाही, तेही पाहिले!

मौज पुढेच आहे. दाबणे, लिहिणे, निवडणे, थांबणे या नेहमीच्या क्रिया आणि बटणांच्या खुणा ती एकाच जागी लिहून ठेवते. साऱ्या चाचण्या तेथूनच त्या घेतात. खूण बदलली, तर दुरुस्ती एकदाच! आमच्या व्याकरणातले धातूच की हे. मोजके धातू, हवी तितकी वाक्ये.

‘यांत अवघड कोणती?’

‘थांबणे. ठरीव पाच सेकंद नव्हे. बटण दाबण्याजोगे होईपर्यंत. घाई केली, की चांगले पानही नापास!’

वाचकहो, मी गप्प झालो. वर्गात प्रश्न विचारल्यावर मी कितीसा थांबतो?