जाळ्यावर आळ घेण्याआधी

नर्मदेत डॉल्फिन नाही. मग नर्मदाकाठच्या जबलपूरने डॉल्फिनच्या मरणात नाक का खुपसावे? कारण २०२५ साली जाहीर झालेल्या देशव्यापी गणतीत मध्य प्रदेश आणि राजस्थान मिळून चंबळमध्ये गंगा-डॉल्फिन आढळले अवघे ९५. शिवाय नानाजी देशमुखांचे नाव लावणाऱ्या जबलपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठात वन्यजीवांच्या न्यायवैद्यकाचे स्वतंत्र केंद्र आहे. नदीतला असो की समुद्रातला, डॉल्फिन मासेमारीच्या जाळ्यात गुदमरून मेला की आणखी कशाने, हा प्रश्न मुळात त्याच विद्येचा आहे. पण या प्रश्नावर तीन मते ठामपणे मांडली जातात आणि तिन्ही टिकणारी नाहीत.

पहिले मत निसर्गप्रेमींचे. किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन दिसला की निकाल तयार: ‘जाळ्यानेच मारला.’ जाळे हे जगभर डॉल्फिनच्या मरणाचे मोठे कारण आहे, हे खरेच. म्हणून हाच डॉल्फिन जाळ्याने मेला, असे कसे ठरते? तो जहाजाच्या धडकेने मरतो, मॉर्बिलिव्हायरसने मरतो, ब्रुसेला जीवाणूच्या मेंदूज्वरानेही मरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगडात १० हत्ती मेले, तेव्हाही असाच, कोणीतरी विष घातल्याचा, संशय लगेच पसरला. बरेलीच्या प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष सापडले. ते बुरशी लागलेल्या कोदोच्या पिकातून आले होते. तपासणी झाली नसती तर आसपासच्या शेतकऱ्यांवरचा आळ तसाच राहिला असता.

दुसरे मत कंटाळलेल्यांचे: ‘कुजलेल्या शवातून काय कळणार? खड्डा खणा आणि पुरून टाका.’ शव पार सडले असेल तर हात टेकावे लागतात, हे मान्य. पण ताज्या शवावर वाचण्यासारखे पुष्कळ असते. परांच्या पुढच्या कडेवर, शेपटीच्या बुडाशी आणि चोचीभोवती बारीक समांतर रेघा दिसल्या तर त्या नायलॉनच्या दोऱ्याच्या असू शकतात. अंगावर चरबी आहे, पोटात नुकतीच गिळलेली मासळी आहे, श्वासनलिकेत फेस आहे, आजाराची खूण कुठेही नाही, अशी लक्षणे एकत्र आली की जाळ्याकडे बोट दाखवता येते. पोट सुरीने सरळ चिरलेले असेल तर शव बुडावे म्हणून कोणी तसे केले का, हेही विचारावे लागते. १९९४ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे युरोपच्या संशोधकांनी याच निदानावर कार्यशाळा घेतली आणि कसोट्या लिहून काढल्या. त्यांतली एकही एकटी पुरेशी नाही. अनेक लक्षणे जुळावी लागतात आणि बाकीची कारणे बाद व्हावी लागतात.

इथे एक जुना गैरसमजही आडवा येतो: ‘फुप्फुसात पाणी नाही, म्हणजे बुडाला नाही.’ माणसाचा श्वास आपोआप चालतो, डॉल्फिन प्रत्येक श्वास ठरवून घेतो. पाण्याखाली अडकला तरी नासिकाछिद्र मिटूनच ठेवतो आणि बहुधा तसाच गुदमरतो. तेव्हा फुप्फुसात पाणी नसल्याने जाळे निर्दोष ठरत नाही. रेघा नसल्यानेही नाही, कारण ट्रॉलचे जाळे कित्येकदा अंगावर खूणच ठेवत नाही.

तिसरे मत बंदरावरचे आणि त्यात भीती आहे: ‘निदान झाले की फास आमच्याच गळ्यात.’ ही भीती निराधार नाही. वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट १ मधील प्राण्याच्या शिकारीला किमान ३ वर्षांची कैद आहे आणि शिकारीच्या व्याख्येत पकडणेही येते. पण ही भीती निदान टाळून जाणार नाही. निदान नसेल तर प्रत्येक मरणाचा संशय सरसकट सगळ्या कोळ्यांवर राहतो. निदान असेल तर कोणते जाळे, कोणता हंगाम, कोणती खाडी हे कळते आणि बंदी घालायचीच असेल तर ती तेवढ्यापुरती घालता येते. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने जाळे कापून संरक्षित प्राणी जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देऊ केली. जिवंत प्राण्यासाठी भरपाई देता येते, मग मेलेला डॉल्फिन स्वतः आणून देणाऱ्याला निदान अभय का नसावे? त्याने आणलेले ताजे शव किनाऱ्याला लागलेल्या चार कुजक्या शवांपेक्षा जास्त सांगते.

म्हणून मागणी साधी आहे. शव हलवण्याआधी पर, शेपूट आणि चोचीची छायाचित्रे घ्यावीत. ताज्या शवाचे विच्छेदन त्याच दिवशी व्हावे आणि ऊतींचे नमुने जबलपूरसारख्या केंद्रात जावेत. चंबळपासून कोकणापर्यंत एकच नमुना-अर्ज असावा आणि त्यात ‘जाळ्यात अडकून’ याच्या जोडीला ‘कारण ठरले नाही’ हा रकानाही असावा. जो पशुवैद्य पुरावा नसताना हा दुसरा रकाना भरायला कचरत नाही, त्याने पुढे पहिला भरला की तो न्यायालयातही टिकेल आणि बंदरावरही.