पारंपरिक म्हणजे नक्की कोणाचं?

परवा भाच्याच्या बँडचं पहिलंवहिलं गाणं ऐकलं. दादरला एका मित्राच्या घरी, भिंतींना गाद्या लावून रेकॉर्ड केलेलं. दोन गिटार, एक बास, ड्रम्स आणि मधूनच एक ढोलकी. फोक-रॉक म्हणे. गाणं 'वादळवारं सुटलं गो'. खरं सांगते, कान टवकारले माझे. पोरांनी मेहनत घेतली आहे. मग श्रेयनामावली वाचली. गिटार अमुक, बास तमुक, मिक्सिंग, फोटो, अगदी चहा करणाऱ्या मित्राचंसुद्धा नाव. आणि शेवटी : गीत-संगीत - पारंपरिक.

चहाला नाव आहे आणि गाण्याला नाही!

ताई, रागावू नकोस. तुझ्या लेकाला फोनवर जे ऐकवायचं ते ऐकवून झालं आहे. पण तो जे म्हणाला ते एकट्याचं मत नाही, म्हणून इथे भांडते आहे. तो म्हणाला, "मावशी, कोळीगीत आहे गं ते, कोळ्यांचं. त्याला कवी कुठून असणार?"

असणार म्हणजे? आहेच. शांता शेळके. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा. 'राजा सारंगा'ही याच तिघांचं. आणि 'मी डोलकर'मध्ये लताबाईंच्या जोडीला हेमंतकुमार. म्हणजे जे गाणं आपण दर्याच्या पोटातून आपोआप उगवलं असं समजतो, ते लिहिलं मंचरकडे बालपण गेलेल्या बाईंनी, आणि त्यातला नाखवा गायला बंगाली माणूस! शांताबाई म्हणजे अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये काम केलेल्या, मग नागपूरला हिस्लॉपमध्ये आणि मुंबईत माटुंग्याच्या रुइयात नि परळच्या महर्षी दयानंद कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापिका. आमच्या लालबागहून चालत दहा-पंधरा मिनिटांवरचं कॉलेज. परळच्या मास्तरीणबाईंचं गाणं दादरची पोरं 'पारंपरिक' म्हणून छापतात. मधे एक एल्फिन्स्टनचा पूल होता तेवढा.

कायद्याचंही सांगून टाकते, कारण भाचा लगेच "कोणाचं काय जातंय" वर येतो. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. शांताबाई गेल्या जून २००२ मध्ये. म्हणजे २०६२ संपेपर्यंत हे गाणं कुणाचं तरी आहे. तोवर तुझा लेक माझ्या वयाचा झालेला असेल. असो.

पण मला मुद्दा पैशाचा नाही मांडायचा. मला राग येतो तो त्या शब्दाचा. 'पारंपरिक' म्हटलं की गाण्यामागे कुणी मेहनत केली असेल ही शक्यताच संपते. आता 'डोलकर' हाच शब्द घ्या. कित्येक वर्षं मला वाटायचं, होडीत डोलतो तो डोलकर. शाळेच्या गॅदरिंगला पुठ्ठ्याची वल्ही घेऊन आम्ही तसंच डोललो आहोत. गिरगावात वाढलेल्या कुणी असा कोळीडान्स केला नसेल तर हात वर करा! पुढे कळलं की 'डोल' हे जाळं आहे. लांबलचक पिशवीसारखं, तोंड ऐसपैस आणि शेपटाकडे निमुळतं. ते पाण्याच्या ओढीसमोर तोंड करून एका जागी बांधून ठेवायचं. माशाच्या मागे धावायचं नाही, भरती-ओहोटीचं पाणीच मासळी आत आणून टाकतं. पाणी फिरायच्या वेळी जाळं ओढायचं. आपले बोंबील, जवळा यातच येतात. हे काम करतो तो डोलकर. बाईंनी नुसता नादासाठी नाही, नेमका धंद्यातला शब्द उचलला. तो त्यांच्या कानावर कुणीतरी घातला असणार, किंवा त्यांनी तो कुठेतरी टिपून ठेवला असणार. ही पडद्यामागची गोष्ट मला ऐकायची असते. आपल्याकडे ती कुणी विचारतच नाही, कारण कोळीगीत ना, ते कोळ्यांचं.

गंमत म्हणजे हाच भाचा इंग्रजी बँडच्या बाबतीत इतका काटेकोर आहे! 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन'चा 'लीज अँड लीफ' हा १९६९ चा अल्बम, त्याच्या जन्माची कथा मला त्यानेच तोंडपाठ म्हणून दाखवली. मे महिन्यात बँडच्या गाडीला मोटरवेवर अपघात, त्यात ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, एकोणीस वर्षांचा मुलगा. उरलेल्यांनी हॅम्पशायरमधल्या खेड्यात एक घर भाड्याने घेतलं. बासवाला अ‍ॅशली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये जाऊन जुनी गाणी धुंडाळायचा, सँडी डेनी ती गायची, डेव्ह स्वॉरब्रिकचं फिडल गिटारला भिडायचं. डिसेंबरात रेकॉर्ड बाजारात आली. आणि तिच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला त्या पोरांनी काय छापलं? गाणी गोळा करणाऱ्यांची आणि जुन्या चालीरीतींची माहिती. गाण्यांचे कर्ते खरोखरच अज्ञात होते, म्हणून निदान ज्यांच्यामुळे ती टिकली त्यांना तरी जागा दिली.

आपल्याकडे उलटं. कर्ते माहीत आहेत आणि आपण त्यांना अज्ञात करतो.

यावर भाच्याने दुसरा डाव टाकला (वकील व्हायला हवं होतं याने). म्हणे, मग ही गाणी खोटीच झाली. बाहेरच्यांनी कोळ्यांचा वेष घालून गायलेली. मला हेही पटत नाही. डोलकरावर लिहायला डोलकराच्या घरी जन्म घ्यावा लागत असेल तर मग निम्मं मराठी गाणं बुडवावं लागेल. 'जैत रे जैत' (१९७७) घ्या. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा जब्बार पटेलांचा सिनेमा, कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांचा. गाणी लिहिणारे ना. धों. महानोर तिकडे अजिंठ्याच्या बाजूच्या पळसखेडचे शेतकरी, संगीत पुन्हा हृदयनाथांचं. ती गाणी ठाकरांची नाहीत आणि खोटीही नाहीत. ती महानोर-हृदयनाथांची आहेत, ठाकरांकडे बघून केलेली. दादरच्या एका सभागृहात मात्र मी माझ्या कानांनी निवेदकाला त्यांतलंच एक गाणं 'आदिवासींचं लोकगीत' म्हणून सांगताना ऐकलं आहे. टाळ्याही पडल्या.

त्या एका शब्दाने दोघांचं जातं. कवीचं नाव जातं, आणि ज्यांचं म्हणून ते गाणं सांगितलं जातं त्यांचं स्वतःचं गाणंही जातं, कारण त्याच्या जागेवर दुसरंच बसलेलं असतं. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवला गाते. मी तो एकदाच ऐकला, वरळी कोळीवाड्यात. वाद्य नाही, ठेका नाही, एक म्हातारी संथ आवाजात गात होती आणि संपतच नव्हतं. 'वादळवारं'शी त्याचं काही नातं आहे असं मला तरी जाणवलं नाही. ते खरं पारंपरिक. ते कुठल्या गॅदरिंगला होत नाही.

आणि स्टुडिओत वाजवणारे? तेव्हाच्या तबकड्यांवर सहसा गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं. ढोलकीवर कोण, बासरीवर कोण, कोरसात कोण, काही नाही. 'वसंत अवसरे' हे टोपणनाव शांताबाईंनी स्वतःहून घेतलं होतं, तो त्यांचा निर्णय. ढोलकीवाल्याला कुणी विचारलं होतं?

आमच्या लालबागची तर खासियतच ही. लालबागच्या राजाच्या रांगेत चौदा-चौदा तास उभे राहणाऱ्यांना विचारून बघा, हा गणपती १९३४ मध्ये बसवला कुणी. पेरू चाळीतला बाजार बंद पडला होता, हक्काच्या जागेसाठी नवस बोलला गेला, आणि बोलणाऱ्यांत मासळी विकणारे कोळी होते. रांगेत दहांतल्या नऊ जणांना ठाऊक नसतं.

हे सगळं डोक्यात घोळत असताना शुक्रवारी आमची नेहमीची कोळीण आली. म्हटलं, मावशी, 'वादळवारं' तुमचं गाणं का हो? पाटी उतरवत म्हणाली, "आमचंच की! माझ्या हलदीला वाजलंय." मी म्हटलं, अहो, ते परळच्या कॉलेजातल्या बाईंनी लिहिलंय. ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बाईंनी? बरं लिवलंय. कोलीण होती काय?" नाही म्हटल्यावर हसली आणि बोंबलाचा वाटा पुढे केला.

आता हे माझ्याच विरुद्ध जातं, कळतंय मला. तिच्या हळदीला वाजलं म्हणजे तिचं झालंच ते. पण बघा, नाव कळल्यावर तिचं काही कमी झालं नाही. उलट तिने दाद दिली, आणि तीही बाईंना.

भाच्याने काल रात्री निरोप पाठवला. 'पारंपरिक' काढतोय, दोन्ही नावं घालतोय, आणि परवानगीचं काय करायचं ते विचारतोय. ढोलकी वाजवायला नायगावहून एक मुलगा आला होता, त्याचं नाव राहून गेलं होतं म्हणे. तेही घाल म्हटलं. चहावाल्याच्या वर.