विश्लेषण : गाळा भाड्याचा, पाटी कोणाच्या परवानगीची?

सक्करदरा चौकाच्या आसपास दुकानाआधी पाटीच नजरेत भरते. तळमजल्यावर मोबाइलचे दुकान, वर शिकवणी वर्ग, त्याच्या वर दवाखाना आणि प्रत्येकाची पाटी शेजारच्यापेक्षा हातभर पुढे. उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला तळमजला दिसत नाही, म्हणून फलकही वर चढतात. संकुलात गाळा भाड्याने घेणाऱ्यासाठी पाटी म्हणजे गिऱ्हाईक आणण्याचे साधन. ती लावण्यासाठी कोणाला विचारायचे, हे मात्र अनेकांना नोटीस हाती पडल्यावरच कळते.

प्रत्येक पाटीला महापालिकेची परवानगी लागते का?

नाही. नागपूर महापालिकेचा कारभार आधी १९४८ च्या स्वतंत्र कायद्याने चालत असे. आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यातील कलम २४५ नुसार जाहिरात लावण्यासाठी आयुक्तांची लेखी परवानगी लागते. पण त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याची, प्रकाशयोजना नसलेली पाटी यातून वगळलेली आहे. म्हणजे गाळ्याच्या दारावरची साधी रंगवलेली पाटी चालते. तीच पाटी एलईडी अक्षरांत उजळली, की सवलत संपते. इमारतीच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक हा ‘आकाशचिन्ह’ ठरतो. त्याला कलम २४४ लागू होते आणि परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मिळत नाही. आकार, जागा आणि शुल्काचा तपशील २०२२ च्या राज्य नियमांत आहे.

नुसते नाव म्हणजे जाहिरात का?

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आयसीआयसीआय बँक विरुद्ध मुंबई महापालिका या २००५ च्या प्रकरणात मुद्दा एटीएमवरील फलकांचा होता. केवळ नाव आणि सेवा कोठे मिळते हे सांगणारा फलक आपोआप जाहिरात ठरत नाही. ग्राहकाला खेचण्याचा व्यापारी हेतू त्यात दिसावा लागतो, असा न्यायालयाचा रोख होता. त्यामुळे दुकानाचे नाव एका कोपऱ्यात आणि शीतपेयाच्या किंवा मोबाइल कंपनीचे चिन्ह उरलेल्या जागेत, अशी कंपनीने फुकट दिलेली पाटी गाळेधारकाला महागात पडू शकते. वस्तू व सेवा कर आला तेव्हा जाहिरात कराची राज्यघटनेतील स्वतंत्र नोंद वगळली गेली. पण परवानगी आणि तिचे शुल्क कायम राहिले. ‘कर गेला, आता काही लागत नाही’ हा समज चुकीचा आहे.

मराठी पाटीचे काय?

तो वेगळा कायदा आणि वेगळे कार्यालय. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये मार्च २०२२ ला दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरी लिपीतील मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरे आधी हवीत आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबईत ही तपासणी महापालिका करते. नागपुरात ती कामगार विभागाची जबाबदारी आहे. पाटीची भाषा एक कार्यालय पाहते, तिचा प्रकाश आणि आकार दुसरे.

घरमालकाची संमती पुरेशी आहे का?

नेहमीच नाही. संकुल अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेले असेल, तर बाहेरच्या भिंती आणि गच्ची ही सामाईक मालमत्ता असते. एकट्या गाळामालकाने ती भाड्याने दिली तरी इतरांचा हक्क संपत नाही. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात पाटीची जागा, माप, वीजजोडणी आणि गाळा सोडताना ती काढण्याचा खर्च लिहिलेला नसतो. भांडणाचे मूळ तेथेच असते. संपूर्ण दर्शनी भाग फ्लेक्सने झाकला, तर जिन्याच्या खिडक्याही बंद होतात. आग लागली तर धूर बाहेर पडायला वाट राहत नाही.

मग महापालिकेने काय करावे?

मुंबईत घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी १२० बाय १२० फुटांचा फलक कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. ४० बाय ४० फुटांची मर्यादा कागदावर होतीच. अशा दुर्घटनेनंतर मोहिमा निघतात, पण त्यांचा पहिला फटका बहुधा दहा फुटांच्या पाटीला बसतो, कारण ती काढायला सोपी असते. हा क्रम उलटला पाहिजे. आधी गच्चीवरचे सांगाडे, पदपथावर आलेले खांब आणि उघड्या वीजतारा. साध्या पाट्या शेवटी.

त्याचबरोबर दहाही झोन कार्यालयांत एका पानाचा मराठी तक्ता लावावा : कोणत्या पाटीला परवानगी नको, कोणत्या पाटीला हवी, शुल्क किती, उत्तर किती दिवसांत मिळेल. मुदतीत उत्तर न आल्यास दंड आकारू नये. गाळेधारकांनीही नियम माहीत नसल्याची सबब पुढे करू नये. पाटी बनवायला टाकण्यापूर्वी करार वाचावा आणि संघटनेचे ना हरकत पत्र घ्यावे. पाटी रंगवणाऱ्याला पैसे दिल्यानंतर ती उतरवावी लागली, तर नुकसान छोट्या दुकानदाराचेच होते.