पाना आपल्याही हाती हवा

कागल पंचतारांकित एमआयडीसीत पाळीला निघालेल्या बाईची मोटारसायकल बंद पडली की तिचा खाडा होतो. तरीही घरातली पान्यांची पेटी पुरुषाचीच! स्क्रू-नटाचे टॅपेट जुळवणे अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड हवे. कॉम्प्रेशनच्या वेळी पिस्टन वरच्या खुणेवर आणायचा. पुस्तिकेत दिलेल्या जाडीची फिलर गेजची पट्टी फटीत किंचित अडत सरकली पाहिजे. मग स्क्रू धरून नट आवळायचा, पुन्हा मोजायचे. फट वाढली तर टकटक ऐकू येते. फार कमी झाली तर आवाज येत नाही, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. महिला मंडळांनी शिवणवर्गाबरोबर हाही वर्ग भरवावा. हप्ते आपण फेडतो, मग दुरुस्तीसाठी दुसऱ्याची वाट का पाहायची?