जमीन पुसणारीला कुणी विचारलं का?

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं आपल्याकडे म्हणतात. दोन्हीकडे सल्ले देणारे उदंड! दार कुठल्या दिशेला, देवघर कुठं, पायऱ्या सम की विषम, यावर आठ-आठ दिवस चर्चा झडते. पण ज्या जमिनीवर सगळं घर वावरतं, तिचा निर्णय दुकानात अर्ध्या तासात उरकला जातो. आणि ती जमीन रोज वाकून पुसणारी बाई बहुतेक वेळा तिथं नसतेच. असली तरी ‘तुला रंग कुठला आवडतो ते सांग’ एवढ्यापुरती!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे वुडन फ्लोअरिंग. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली ही हौस आता तालुक्याच्या गावातल्या बंगल्यांतही दिसू लागलीय. बचत गटाच्या कामानिमित्त माझं घरोघरी जाणं होतं. नवं घर असलं की हमखास वरची बेडरूम दाखवली जाते. ‘वहिनी, खाली बघा, लाकडी आहे!’ दिसतंही छान, आणि थंडीत पायाला गार लागत नाही. लाकडाला माझा विरोध मुळीच नाही. आपल्या जुन्या वाड्यांत सागवानी तुळया आणि कडीपाट होतेच की. पण बऱ्याच वाड्यांत माडीवर त्या फळ्यांवर माती घालून, चोपून जमीन केलेली असे. सारवण व्हायचं ते मातीवर. लाकडाला रोज ओलं फडकं लागत नसे.

आता दुकानात ‘लाकडी’ म्हणून जे मिळतं, त्यात तीन प्रकार असतात. पहिलं अस्सल लाकूड, साधारण पाऊण इंच जाडीच्या सागासारख्या टणक लाकडाच्या फळ्या. दुसरं इंजिनिअर्ड, म्हणजे खाली प्लायवूड आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ थर. तिसरं आणि सगळ्यांत स्वस्त म्हणून जास्त खपणारं लॅमिनेट. ते बहुधा ८ किंवा १२ मिलिमीटर जाड असतं. त्यात लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेला पत्रा, त्यावर लाकडाच्या रेषांचा छापील कागद आणि कागदावर पारदर्शक थर. म्हणजे आपण पाय ठेवतो तो लाकडाच्या फोटोवर! त्यात फसवणूक काही नाही, पण ते सांगून विकायला हवं ना?

फरक कळतो तो पुढं. अस्सल लाकूड खराब झालं तर मशीननं घासून पुन्हा पॉलिश करता येतं, तेही आयुष्यात अनेकदा. इंजिनिअर्डचा वरचा थर पुरेसा जाड असेल तर एखाद-दोन वेळा. लॅमिनेट मात्र घासता येत नाही, घासलं की फोटोच जाईल! पाणी सांध्यातून आत शिरलं की त्याच्या कडा फुगतात आणि फुगलेली पट्टी पुन्हा बसत नाही. ती बदलावीच लागते.

आणि आपल्याकडं जमीन स्वच्छ करायची पद्धत काय? बादलीभर पाणी, त्यात फिनेल, ओलंचिंब फडकं. सणावाराला तर पाणी ओतून धुवायचंच. त्यात पावसाळ्याचे चार महिने भिंतींनाही ओल येते. वाळवी वेगळीच.

आमच्या गटातल्या एक ताई धुण्या-भांड्याची आणि फरशीची कामं करतात. एका घरी नवीन लॅमिनेट बसवलं. त्यांनी नेहमीसारखं पुसलं. पावसाळ्यात कडा फुगल्या आणि दोन महिने त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले. फडकं घट्ट पिळून, जवळजवळ कोरडंच फिरवायचं असतं, हे त्या बाईला कुणी सांगितलं होतं? जिनं जमीन निवडली नाही, जिला तिच्याबद्दल काही सांगितलं नाही, तिच्याच खिशातून भरपाई! घरच्या सुनेचा पगार कापता येत नाही इतकंच. बोलणी तिलाही खावीच लागतात.

खरं तर दोष बऱ्याचदा पुसणारीचा नसून बसवणाऱ्याचा असतो. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगतं. म्हणून फळ्यांची खोकी बसवण्याआधी निदान ४८ तास त्याच खोलीत ठेवायची असतात. भिंतीच्या कडेनं सुमारे १० मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगनं झाकायची असते. फट न ठेवता फळ्या भिंतीला घट्ट भिडवल्या, तर पावसाळ्यात त्या मधोमध वर उचलतात. खालचा सिमेंटचा थर पूर्ण वाळलेला हवा. त्याची सोपी परीक्षा आहे. जमिनीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावून ठेवायचा. एक-दोन दिवसांनी आतून दव दिसलं तर थांबायचं.

अस्सल लाकडाला फिनिशिंगही निगुतीनं लागतं. आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरनं घासणं, भुसा टिपून घेणं आणि मग पीयू कोटिंगचे दोन-तीन पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. या दिवसांत खिडक्या उघड्या हव्यात आणि लहान मुलं, दमेकरी, गरोदर बाई यांना त्या वासापासून दूर ठेवायला हवं. गृहप्रवेशाचा मुहूर्त गाठायचा म्हणून यात घाई केली, की ती पुढं वर्षानुवर्षं निस्तरावी लागते.

मग आपण काय करायचं? मैत्रिणींनो, घराच्या कागदावर बाईचं नाव यायला हवं, हे आता सरकारलाही पटलंय. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात शक्यतो पत्नीचं किंवा दोघांचं नाव लावलं जातं. पण नाव कागदावर आणि निर्णय दुसऱ्याचा, असं कसं चालेल? दुकानात स्वतः जा. नमुन्याचा तुकडा मागून घ्या. रात्रभर पाण्यात भिजवून बघा, दुकानदार हसला तरी हसू द्या. हौस असेल आणि पैसा असेल तर कोरड्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत लाकूड जरूर बसवा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराजवळ नको. जमीन पुसायला ज्या ताई येतात, त्यांना पहिल्याच दिवशी हातात हात घालून पुसायची रीत दाखवा.

लाकूड न परवडलं तरी काही बिघडत नाही. शहाबादी, कोटा, साधी मॅट फिनिशची टाइल, यांनी संसार नीट होतात. फक्त ओल्या पायानं घसरेल अशी गुळगुळीत चकाकी टाळा. साठीच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तर त्या चकाकीचं कौतुक कुणाला राहणार? जमीन पाहुण्यांना दिसते वर्षातून चार वेळा, आपल्या गुडघ्यांना मात्र रोज कळते. तेव्हा निवडताना पहिला शब्द त्या गुडघ्यांचा असू द्या.