पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा संघ हवा



ज्यांचे आजोबा सोलापूरच्या गिरणीत राबले, त्यांची नातवंडे आज एम. ए., एम. एस्सी. होत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पदवीनंतर पुढे काय, असे विचारले तर उत्तर येते, ‘तासिका तत्त्वावर शिकवीत आहे, कायम जागा निघाली की पाहू.’ हे ‘पाहू’ वर्षानुवर्षे संपत नाही. जागा कोठे पाहावयाची आणि कोणत्या कायद्याच्या आधारे मागावयाची, याचा विचार एकट्यादुकट्याने करून भागणार नाही. त्यासाठी जिल्ह्यातील आपल्या पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांचा स्वतंत्र संघ हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

संघटित प्रयत्न या शहराला नवा नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरातच विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्या वेळी शाळेत टिकणे हाच प्रश्न होता. आता २००४ पासून जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ आपल्या दारी आहे, आणि प्रश्न आहे तो शिकविणाऱ्याच्या खुर्चीचा. ही खुर्ची सहजासहजी मिळत नाही आणि मिळाली तरी सुखाची नसते. १९१८ साली बाबासाहेब सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा पाण्याच्या सामायिक भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती, हे आपण जाणताच.

ज्या घरात दोन पिढ्या प्राध्यापक आहेत, त्या घरातील मुलाला या व्यवसायाची रीत जेवतानाच कळते. आपल्या मुलाला ती कोण सांगणार? सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातींना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. त्याखेरीज सामान्यतः नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावे लागते. छात्रवृत्तीला वयाची अट आहे, ती निघून गेल्यावर कळून उपयोग काय? बौद्धांना केंद्र सरकारच्या यादीत अनुसूचित जातीचे हक्क १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. परंतु जातीचे व जात वैधतेचे प्रमाणपत्र वेळेवर हाती नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो. नवदीक्षित कुटुंबांनी तर याची तजवीज आधीच केली पाहिजे.

कोणी म्हणेल, जागा एक आणि उमेदवार दहा. प्रतिस्पर्ध्यांचा संघ कसा व्हावा? या शंकेचे उत्तर बिंदुनामावलीत आहे. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे या नामावलीवरून ठरते. राखीव जागा तीत चुकीने दाखविली गेली किंवा तिची जाहिरातच निघाली नाही, तर दहाही जणांचे नुकसान होते आणि ते एकालाही कळत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अनुदानित महाविद्यालयाची नामावली मागता येते. एकटा तासिका प्राध्यापक असा अर्ज करावयास कचरतो, कारण पुढील वर्षाचे तास त्याच संस्थेकडून मिळावयाचे असतात. संघाच्या पदाधिकाऱ्याने आपल्या नावे, संघाच्या वतीने अर्ज केला, तर हे भय उरत नाही. जागा प्रथम जाहीर होऊ द्या, मग गुणवत्तेने स्पर्धा करा.

या संघाला इमारत नको, निधीही फारसा नको. महिन्यातून एक रविवार आणि विहारातील एक खोली पुरे. तेथे जाहिराती वाचाव्यात, मुलाखतीचा व पाठ घेण्याचा सराव करावा, नेमणूक झालेल्यांनी मागून येणाऱ्यांना वाट दाखवावी. वडीलधाऱ्यांनो, मुलीला या सभेस पाठविताना मुलाहून अधिक आग्रह धरा. लग्नाच्या घाईत तिचे संशोधन अर्धवट राहू देऊ नका. मुलांना पदवीपर्यंत आपण पोटाला चिमटा घेऊन आणले आहे. त्या पदवीचे चीज करावयाचे असेल, तर त्यांना आता एकत्र बसवा.